क्राकुफची शॉप्का: बेगडाखाली काय असतं

वसईच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. त्यांच्या चर्चमध्ये दर नाताळला गोठ्यांची स्पर्धा असते आणि यंदा त्यांच्या आळीने पोलंडच्या क्राकुफ शहरात करतात तसा, मनोऱ्यांचा चमचमता गोठा करायचं ठरवलंय. बेत असा: पाच फूट उंची, थर्माकोलचे तीन मनोरे, वर सोनेरी कागद, मध्ये येशूबाळ, आत दिव्यांची माळ. हाताशी दीड महिना. कागद कोणता, गोंद कोणता, दिवे कसे, हे त्यांनी विचारलंय. आणि शेवटी लिहिलंय की फोटो बघून सासूबाई म्हणाल्या, "अगं, यात गोठा कुठाय? बाळ तर शोधावं लागतंय!" त्यांना काय सांगू?

ताई, तुमच्या सगळ्या प्रश्नांत सासूबाईंचा प्रश्न मला सगळ्यात नेमका वाटला. त्याचं उत्तर कळलं की कागद-गोंदाचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी सांगली जिल्ह्यातला. कडेगावचे उंचच उंच ताबूत बघत लहानाचा मोठा झालो. गल्लीच्या गणपतीचं मखर करताना खळ शिजवण्यापासून बेगड कापण्यापर्यंत सगळी हमाली केली. पुढे ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी करत क्राकुफला आलो, त्याला आता एकोणीस वर्षं झाली. पहिल्याच डिसेंबरात इथल्या बाजारचौकात लोकांच्या हातांत त्या वस्तू पाहिल्या आणि क्षणभर वाटलं, ताबूतच घेऊन निघालेत की काय! तीच मजल्यांवर मजले चढवण्याची रीत, तोच कागद, तोच लखलखाट. तेव्हापासून आजवर सोळा शॉप्का केल्या. त्यातल्या दोन कचऱ्यात गेल्या, त्यांची हकीकत पुढे येईल.

शॉप्का या शब्दाचा अर्थ छोटी शॉपा. शॉपा म्हणजे गोठा, छपरी, शेड. म्हणजे नावात गोठा आहेच. पण नाव गोठ्याचं आणि रूप राजवाड्याचं, ही गंमत समजायला थोडं मागे जावं लागतं.

नाताळचा देखावा मांडायची प्रथा संत फ्रान्सिसपासून सुरू झाली असं मानतात. इटलीतल्या ग्रेच्चो गावी १२२३ च्या नाताळात त्याने खरी गव्हाण, खरा बैल आणि खरं गाढव आणून तो प्रसंग उभा केला. फ्रान्सिस्कन संन्याशांबरोबर ही प्रथा युरोपभर गेली, तशी पोलंडलाही आली. पोलिश भाषेत या नाताळच्या नाटकाला यासेऊका म्हणतात. मूळ शब्द यास्वो, म्हणजे गव्हाण. सुरुवातीला चर्चमध्ये मूर्ती नुसत्या मांडून ठेवत. मग कोणीतरी त्या हलवायला लागलं. हलायला लागल्या तशा त्या बोलायलाही लागल्या, आणि बोलायला लागल्यावर चावटपणा आलाच. मेंढपाळांची भांडणं, सैनिकांच्या फुशारक्या, सैतानाची फजिती! भाविक वेदीकडे पाठ करून बाहुल्या बघू लागले, तेव्हा १८व्या शतकात चर्चच्या अधिकाऱ्यांनी हा खेळ देवळाबाहेर काढला.

बाहेर पडलेला खेळ कोणी उचलला? क्राकुफच्या वेशीवरच्या क्रोवोदझा, झ्विएझिनिएत्स अशा वस्त्यांमधल्या गवंड्यांनी आणि सुतारांनी. कारण अगदी पोटाचं होतं. इथे डिसेंबरात पारा शून्याखाली जातो, ओला चुना गोठतो, बांधकामं बंद पडतात. गवंडी चार महिने घरी बसून. मग तो उन्हाळाभर ज्या इमारतींवर राबला, त्यांचीच छोटी नक्कल पुठ्ठ्याची आणि लाकडाची करायचा, तिच्यात बाहुल्यांचं रंगमंच बसवायचा आणि नाताळात चार सोबत्यांना घेऊन घरोघर फिरायचा. गाणी म्हणायची, खेळ करायचा, पैसे गोळा करायचे. आपल्याकडे सुगीनंतर बहुरूपी आणि कळसूत्रीवाले निघत, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की हा माणूस पेशाने कलाकार नव्हता, हंगामापुरता बेकार झालेला कारागीर होता.

तर सासूबाईंना पहिलं उत्तर हे द्या. शॉप्का हा सजवलेला गोठा नव्हे. गवंड्याने बांधलेली ती इमारत आहे आणि तिच्यात देवाला जागा दिलेली आहे. इमारत नीट उभी राहिली तरच शॉप्का होते. तीन मनोऱ्यांवर सोनेरी कागद चिकटवला की जे होतं त्याला आपल्याकडे चांगला शब्द आहे: बेगडी.

आता बाळ शोधावं का लागतं तेही सांगतो. जुन्या शॉप्काला दोन मुख्य मजले असत. तळमजल्यावर कमानीखाली रंगमंच, आणि त्याच्या वर, मधल्या कोनाड्यात मरिया, योसेफ आणि बाळ. रंगमंचाच्या जमिनीला खाचा असत. बाहुल्या काठीवर बसवलेल्या. खेळ करणारा मागे खाली बसून काठ्या त्या खाचांतून सरकवायचा. खाली हेरोद राजा बाळांना मारायचा हुकूम सोडतोय, मग मृत्यू विळा घेऊन येतो, त्याचं मुंडकं उडवतो, सैतान त्याला ओढून नेतो. मध्येच क्राकुफचं जोडपं नाचून जातं, डोंगरातला गुराखी येतो, सैनिक येतो, ज्यू व्यापारी येतो. (त्यातली काही पात्रं आजच्या डोळ्यांना टोचतात. तो काळच तसा होता, त्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही.) शेवटी झोळी घेतलेला म्हातारा भिकारी यायचा आणि प्रेक्षकांपुढे झोळी धरायचा. आपल्या तमाशात दौलतजादा मागतात तशी. हा सगळा संसाराचा गोंधळ खाली, आणि वरच्या मजल्यावर बाळ शांत. ते लहान आणि उंच ठेवण्यामागे हीच रचना आहे. खेळ बंद झाले, रंगमंच गेला, पण वरच्या मजल्याची जागा बहुतेक शॉप्कांत तशीच राहिली.

या सगळ्या शॉप्कांची आजी म्हणावी अशी एक आजही क्राकुफच्या एथ्नोग्राफिक म्युझियममध्ये आहे. क्रोवोदझाच्या मिहाऊ एझेनेकिएर नावाच्या गवंड्याने १९व्या शतकाच्या अखेरीस केलेली. दोन बाजूंना उंच मनोरे, मध्ये घुमट, खाली रंगमंच. आज जे रूप सगळे "क्राकुफचं" म्हणून ओळखतात ते या एका नमुन्यावरून पक्कं झालं. मी तिच्यासमोर तासन्‌तास उभा राहिलोय, आणि दर वेळी हेच जाणवतं की या माणसाला भार कुठून कुठे उतरतो ते ठाऊक होतं. वरचा मजला खालच्या खांबांवर बसलाय, नुसता चिकटवलेला नाही.

या शब्दाची आणखी एक गंमत. पोलिश माणूस वैतागला की म्हणतो, "शॉप्का करू नकोस!" म्हणजे आपलं "तमाशा करू नकोस". लोककलेचं नाव घ्यायचं आणि शिवी म्हणून वापरायचं, या बाबतीत आपण आणि ते सख्खे भाऊ. याच शहरात 'झिएलोनी बालोनिक', म्हणजे हिरवा फुगा, नावाच्या कलावंतांच्या कंपूने १९०६ पासून बाहुल्यांच्या शॉप्कातून शहरातल्या प्रतिष्ठितांची रेवडी उडवायला सुरुवात केली, आणि राजकीय शॉप्का हा वेगळाच प्रकार जन्माला आला. तो तुमच्या चर्चच्या आवारात नको.

पहिल्या महायुद्धानंतर घरोघर फिरणं ओसरलं. कारागीर छोट्या शॉप्का करून बाजारचौकात विकायला बसत. प्रथा विझते की काय असं वाटत असताना येझी दोब्झित्स्की या नगरपालिकेतल्या अधिकाऱ्याने स्पर्धेची कल्पना काढली आणि २१ डिसेंबर १९३७ ला पहिली स्पर्धा भरली, बाजारचौकातल्या कवी आदाम मित्सकिएविच यांच्या पुतळ्याच्या पायऱ्यांवर. दोनच वर्षांत युद्ध आलं. १९४० मध्ये जर्मनांनी तो पुतळा पाडला. १९४५ च्या डिसेंबरात स्पर्धा पुन्हा भरली. पुतळा मात्र १९५५ मध्ये परत उभा राहिला. म्हणजे मधली दहा वर्षं पुतळ्याविना स्पर्धा झाली. १९४६ पासून शहराच्या इतिहास संग्रहालयाने ती आपल्याकडे घेतली. आजपर्यंत ऐंशीहून जास्त वेळा ती भरलीय. २०१८ मध्ये युनेस्कोने क्राकुफची शॉप्का मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. पोलंडची त्या यादीतली ही पहिलीच नोंद.

स्पर्धा असते डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी. सकाळी अंधार असतानाच आम्ही शॉप्का घेऊन चौकात पोचतो. पायऱ्यांवर जागा धरायची, वरचं प्लास्टिक काढायचं, प्रवासात काय निखळलं ते चिकटवायचं. बोटं इतकी गारठतात की गोंदाची ट्यूब दाबली जात नाही. बारा वाजता सेंट मेरी चर्चच्या मनोऱ्यावरून तुतारी वाजते. त्या सुरावटीला हेयनाऊ म्हणतात. ती दर तासाला वाजते आणि दर वेळी मध्येच तुटते. दंतकथा अशी की तातारांच्या हल्ल्याचा इशारा देताना तुतारीवाल्याच्या गळ्यात बाण घुसला, सूर तिथे थांबला, तो आजही तिथेच थांबवतात. तुतारी झाली की मिरवणूक निघते आणि शॉप्का परीक्षणाला जातात. निकाल रविवारी. मग फेब्रुवारीपर्यंत प्रदर्शन. एकदा त्या पायऱ्यांवर शेजारच्या आजींनी माझं गाव विचारलं. सांगली म्हटल्यावर चेहरा कोरा. कोल्हापूरजवळ म्हटल्यावर लगेच म्हणाल्या, "वळिवडे!" त्यांची मावशी १९४३ ते १९४८ या काळात तिथल्या पोलिश निर्वासितांच्या छावणीत होती. त्या दिवसापासून माझी शॉप्का पायऱ्यांवर कुठे ठेवायची ते त्याच ठरवतात.

इथल्या मंडळींना शॉप्काझे म्हणतात, एकट्याला शॉप्काश. यात पिढीजात घराणी आहेत. मालिक घराण्याचं नाव सगळे घेतात. माच्येय मोशेफ हे तर पेशाने वास्तुविशारद, कित्येकदा पहिले आलेले. त्यांच्या शॉप्कापुढे उभं राहिलं की मला माझी ड्राफ्ट्समनची वीस वर्षं पाण्यात गेल्यासारखी वाटतात.

आता तुमच्या बेताकडे वळतो. पहिलं: पाच फूट विसरा. इथल्या स्पर्धेत एकशेवीस सेंटिमीटरच्या वरची शॉप्का मोठी, सत्तर ते एकशेवीस मधली, त्याखालची लहान, आणि पंधरा सेंटिमीटरपर्यंतची अतिलहान. तुमचे पाच फूट म्हणजे दीडशे सेंटिमीटर, म्हणजे इथल्या मोठ्या गटातलं काम. त्याला अनुभवी माणसाचंही वर्ष जातं. दीड महिन्यात आठ-दहा जणांच्या हातांनी साठ-सत्तर सेंटिमीटरची चांगली होईल. टेबलावर ठेवलीत तर डोळ्यांच्या उंचीला येईल आणि हेच हवं असतं, कारण शॉप्का जवळून बघायची वस्तू आहे.

दुसरं: थर्माकोल नको. महाराष्ट्रात सजावटीच्या थर्माकोलवर २०१८ पासून बंदी आहे हे एक. (युनेस्कोचा मान आणि थर्माकोलची हकालपट्टी एकाच वर्षी, हा योगायोग मला फार आवडतो.) बंदी नसती तरी मी नकोच म्हटलं असतं. बेगड चिकटवायला जे चटकन धरणारे वासाचे गोंद लागतात त्यांनी थर्माकोल विरघळतो. आणि त्याला टोकदार कड धरता येत नाही. शॉप्कातली सगळी मजा कडांची आहे. तीन मिलिमीटरचा प्लायवूड तळाला, जाड पुठ्ठा भिंतींना, कार्डशीट बारीक कामाला. बस्स.

आणि कात्री हातात घ्यायच्या आधी चित्र. मिलिमीटरच्या कागदावर, खऱ्या मापात, समोरून. एकाच अर्ध्या भागाचं काढलं तरी चालेल, कारण क्राकुफची शॉप्का मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना सारखी असते. पण ती अर्धी बाजू पूर्ण काढा: प्रत्येक खिडकी, प्रत्येक सज्जा, प्रत्येक कळस. सगळा वेळ इथे घालवला तरी वाया जात नाही. मी पहिली दोन वर्षं चित्राशिवाय "जमेल तसं" केलं. पहिलीचे मनोरे असे झाले की शॉप्का लांबून उलट्या टेबलासारखी दिसायची. दुसरी बरी होती, पण पूर्ण झाल्यावर कळलं की ती आमच्या फ्लॅटच्या दारातून बाहेर जातच नाही. आडवी करून बघितली, तिरकी करून बघितली, बायकोने दाराचं बिजागर काढायचं सुचवलं, तेही केलं. शेवटी घुमट कापला. त्या दोन्ही गेल्या. तेव्हापासून माझे सगळे मनोरे सुटे असतात, खाली लाकडी खुंटी, मजल्याला भोक. दार, रिक्षा, जिना यांची मापं आधी घ्या आणि मग चित्र काढा.

काय बांधायचं? इथे येणाऱ्या प्रत्येक शॉप्कात क्राकुफच्या इमारती असतात, पण एखाद्या इमारतीचं हुबेहूब मॉडेल कुणी करत नाही. तुकडे घेतात आणि नव्याने जुळवतात. सगळ्यांचा लाडका तुकडा म्हणजे सेंट मेरीचे दोन असमान मनोरे. उंच आहे ऐंशी मीटरच्या वर, त्याच्या टोकाला सुळक्यांचा घोस आणि मधल्या सुळक्यावर १६६६ चा सोनेरी मुकुट. बुटका एकोणसत्तर मीटरचा, डोक्यावर गोलसर घुमटी. शॉप्कात ते बहुधा समान होतात, उंच मनोराच दोन्ही बाजूंना. मधला घुमट वावेल टेकडीवरच्या कॅथेड्रलमधल्या झिग्मुंत चॅपेलचा, सोन्याने मढवलेला. ते चॅपेल बार्तोलोमेओ बेरेच्ची या इटालियनाने १५१९ ते १५३३ मध्ये बांधलं. खालच्या कमानी आणि वरचा नक्षीदार कठडा बाजारचौकातल्या सुकिएन्नित्से या जुन्या कापडबाजाराचा. लाल विटांचा गोल बुरूज बार्बाकानचा. नवखा माणूस हे सगळं एकात कोंबतो आणि शॉप्काचा जत्रेतला पाळणा होतो. चार तुकडे पुरे. त्यातला एक मोठा, बाकीचे त्याच्या मागे.

आता बेगड. इथे त्याला स्तान्योल म्हणतात. पण जुनी मंडळी चॉकलेटच्या चांदीला लाडाने स्रेबेर्का म्हणतात, म्हणजे चंदेऱ्या. समाजवादी काळात दुकानात रंगीत फॉइल मिळायचं नाही. १९८० च्या दशकात तर चॉकलेटसुद्धा रेशनकार्डावर होतं. शॉप्काझे नातेवाइकांकडून, शाळेतल्या मुलांकडून चंदेऱ्या जमवायचे, नखाने सपाट करून वहीच्या पानांत दाबून ठेवायचे. जुन्या शॉप्कांत जवळ जाऊन बघितलं तर कुठेतरी चॉकलेट कंपनीचं अर्धं अक्षर सापडतं. आज सगळं मिळतं, तरी मी दिवाळी-नाताळच्या चंदेऱ्या फेकत नाही. दुकानातल्या फॉइलपेक्षा त्या पातळ असतात आणि कोपऱ्यात नीट बसतात.

तुम्ही विचारलंत कागद कोणता. खरा प्रश्न वेगळा आहे: प्रकाश कसा मोडायचा? सपाट चिकटवलेलं बेगड आरशासारखं होतं. समोरच्याचा शर्ट त्यात दिसतो आणि इमारत नाहीशी होते. म्हणून प्रत्येक भागाचा पोत वेगळा हवा. भिंतीसाठी बेगड मुठीत चुरगळायचं, मग हलक्या हाताने उलगडून चिकटवायचं, म्हणजे शेकडो बारीक पैलू पडतात. विटांसाठी मऊ वहीवर ठेवून शाई संपलेल्या बॉलपेनने रेघा दाबायच्या. छपरासाठी चुण्या, नऊवारीच्या निऱ्या घालतो तशा, मापात. कडेला पट्टी काढून ती दोन बोटांत पिळली की दोरा होतो. हा दोरा प्रत्येक कडेला लावायचा, त्याने पुठ्ठ्याची कापलेली बाजूही झाकते आणि रेषही उठते. गोळ्या वळून कठड्याला. हे काम बायकांच्या घोळक्यात गप्पा मारत होतं तसं एकट्याने होत नाही, म्हणून तुमच्या आळीचा मला हेवा वाटतोय.

रंगांचं एकच सांगतो. सोनेरी सगळीकडे लावू नका. सोनेरी फक्त घुमटाला आणि मुकुटांना. भिंतींना लाल, निळा, हिरवा, जांभळा यातले दोन. चंदेरी मधल्या जागांना. माझी चौथी शॉप्का अख्खी सोनेरी होती. परीक्षकांनी एक शब्द न बोलता ती पाहिली आणि पुढे गेले.

गोंद: पुठ्ठ्यावर बेगड असेल तर फेविकॉल पुरतो, कारण पुठ्ठा पाणी शोषतो. बेगडावर बेगड असेल तर फेविकॉल आत ओलाच राहतो आणि आठवड्याने तुकडा घसरतो. तिथे वासाचा गोंद, खिडक्या उघड्या ठेवून. आपली गव्हाच्या पिठाची खळ मला फार आवडते, पण समुद्राकाठच्या हवेत तिला बुरशी धरेल आणि झुरळंही येतील. क्रम मात्र चुकवू नका. आधी सुट्या भिंतींना बेगड चढवायचं, मगच भिंती जोडायच्या. उभ्या इमारतीच्या कोपऱ्यात बोट जात नाही.

खिडक्या काळ्या कार्डशीटच्या. धारदार पात्याने जाळी कापायची, मागे रंगीत जिलेटीन, आणि त्याच्याही मागे ट्रेसिंग पेपर. हा शेवटचा कागद बहुतेक लोक विसरतात. तो नसला की खिडकीतून दिव्याचा ठिपका दिसतो. तो असला की अख्खी काच उजळते. दिवे एलईडीचे, पिवळसर, बॅटरीवरचे. जुन्या काळी आत मेणबत्त्या लावत आणि कागदाच्या इमारतीचं मेणबत्तीपुढे काय होतं हे सांगायला नको. घरातल्या विजेची वायर आत नेऊ नका. आणि पाठीमागे दार ठेवा, हात आत जाईल एवढं. नाताळच्या आदल्या रात्री नेमका मधल्या घुमटाचाच दिवा जातो.

मूर्ती शेवटी केल्या तरी त्यांचं माप पहिल्या दिवशी ठरतं. सत्तर सेंटिमीटरच्या शॉप्कात पाच-सहा सेंटिमीटरची मरिया शोभते. बाजारातल्या पीओपीच्या वीतभर मूर्ती ठेवल्यात तर राजवाडा बाहुलीघर वाटेल. इथले लोक लिंडनच्या मऊ लाकडात कोरतात किंवा मातीच्या करून कापडाने सजवतात. तुमच्याकडे शाडू आहे, त्याच्यासारखं काही नाही. मरिया, योसेफ, बाळ आणि तीन राजे ठीकच, पण क्राकुफकर त्यांच्या सोबत आपला गाव आणून बसवतात: मोरपिसाची टोपी घातलेलं जोडपं, वावेलच्या गुहेतला ड्रॅगन, तातारी पोशाखात लाकडी घोडा नाचवणारा लायकोनिक, कोंबड्यावर बसून चंद्रावर गेलेला जादूगार त्वार्दोफ्स्की. मूर्ती फिरत्या हव्यात तर खेळण्यातली मोटर फार वेगाने फिरते, राजे गरगरतात. गिअर असलेली बारा व्होल्टची संथ मोटर घ्या, मिनिटाला तीन-चार फेरे. पण पहिल्या वर्षी मी म्हणेन, काही फिरवू नका.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मला राहवत नाही. क्राकुफच्याच इमारती कशाला? इथल्या स्पर्धेत क्राकुफ लागतंच, तिथे तडजोड नाही. पण तुमची स्पर्धा वसईत आहे. गवंड्यांनी ज्या भिंतींवर घाम गाळला त्या भिंती शॉप्कात आणल्या. तुमच्याकडे वसईच्या किल्ल्यातल्या उघड्या पडलेल्या चर्चच्या कमानी आहेत, दर्या दरवाजा आहे, प्रत्येक पाड्यावरचा क्रूस आहे. मेंढपाळांच्या जागी लाल लुगड्यातली, केळीचा घड घेतलेली बाई उभी करा. फक्त पाटीवर "क्राकुफची शॉप्का" लिहू नका. "वसईची शॉप्का, क्राकुफच्या रीतीने" लिहा. इथल्या माझ्या म्हाताऱ्या उस्तादांना फोटो दाखवला तर ते कमानीची जाडी बरोबर आहे का एवढंच विचारतील. सासूबाईंनी किल्ल्यातलं चर्च ओळखलं तर बाळ शोधायला त्यांना वेळ लागणार नाही. आणि तरीही शोधावं लागलं तर खाली एक झोळीवाला म्हातारा ठेवा, वर बोट दाखवणारा.

पहिले दहा दिवस चित्र आणि मापं, पुढचे दहा सांगाडा, मग तीन आठवडे बेगड, शेवटचे चार दिवस मूर्ती आणि दिवे. वेगळा वेळ उरणार नाही, डागडुजीही यातच उरकायची. अडलात तर लिहा. फोटो पाठवाल तेव्हा समोरून एक आणि मागून, दार उघडून, एक पाठवा. समोरून सगळ्यांच्याच छान दिसतात, मला मागची बाजू बघायचीय.